निकाल लागेपर्यंत

ब्रिटनमध्ये ज्याने आश्रय मागितला आहे, त्याला पहिलं वर्षभर कामाची परवानगी मागताच येत नाही. वर्ष उलटूनही अर्ज रखडलेला असेल आणि त्या रखडण्यात त्याचा स्वतःचा दोष नसेल, तर मागता येते; तीसुद्धा सरकारने ठरवून दिलेल्या कामांपुरतीच. पूर्वी ही मुभा सहा महिन्यांनी मिळे, २००२ च्या जुलैत ती काढून घेतली. दरम्यान राहायला जागा आणि आठवड्याला ४९.१८ पौंड मिळतात. हा २०२४ चा दर. इथे बसून रुपयांत हिशेब केला तर रक्कम बरी वाटते, पण तिथल्या बाजारभावात त्यात जेवणखाण, कपडे, बसभाडं सगळं भागवायचं. धडधाकट सुतार, परिचारिका, शिक्षक माणसं महिनोन्‌महिने खोलीत बसून राहतात. ज्यांनी कर भरला असता ती सरकारच्या पैशावर दिवस काढतात, आणि मग ही माणसं फुकट खातात म्हणून त्यांच्याच नावाने ओरड होते. आधी हात बांधायचे आणि मग आळशी म्हणायचं, हा प्रकार आमच्या शहादा तालुक्याला अनोळखी नाही. म्हणून ही टिपणं.

*

कळसाडीच्या शिवारात ऊस, केळी, पपई, कापूस. उत्तरेला सातपुडा. त्या डोंगरातल्या एका पाड्यावरचे काका वनहक्काच्या दाव्याचे कागद दाखवायला आले होते. खताच्या रिकाम्या गोणीतून कापून शिवलेली पिशवी, तिच्यात प्लास्टिक, प्लास्टिकमध्ये कागद. ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल, मोजणीचा नकाशा आणि सगळ्यात खाली घडीवर फाटत आलेली, वन खात्याने वीसेक वर्षांहून आधी केलेल्या दंडाची पावती. जंगलात अतिक्रमण करून नागली पेरली म्हणून बापाला झालेला दंड! ती पावतीच आज दाव्याचा पुरावा आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होतो हे तिच्यावरून दाखवता येतं.

"गुरुजी, कागद कधी येईल ते येईल. पाऊस थोडा थांबतो?" काका म्हणाले. त्यांनी त्या आठवड्यात पेरणी उरकली.

पेरणी करायला त्यांना कायद्याची आडकाठी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की दाव्याची मान्यता आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत ताब्यातल्या वनजमिनीवरून कुणाला हटवू नये. दावा वनहक्क समितीकडून ग्रामसभेत, तिथून उपविभागीय समितीत आणि पुढे जिल्हा समितीत जायचा. त्याला किती वर्षं लागतात हे नंदुरबार जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तोवर माणसाने खायचं काय, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांनी आधीच विचारला आणि त्याचं उत्तर कायद्यातच लिहून ठेवलं.

या कलमाची किंमत २०१९ मध्ये कळली. १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला, २८ फेब्रुवारीला तो थांबवला. मधले पंधरा दिवस डोंगरात कुणाला धड झोप नव्हती.

*

हेच कलम आश्रय मागणाऱ्या माणसाला लावून बघावं. निर्णय घ्यायला सरकारला वेळ हवा तर तो घ्यावा. चौकशी कडक करावी, खोटा अर्ज असेल तर फेटाळावा. पण चौकशीला लागणाऱ्या वेळेची किंमत अर्जदाराच्या पोटातून वसूल करू नये.

*

कोल्हापूरजवळ वळीवडे गाव आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५,००० पोलिश माणसं राहिली. बहुतेक बाया आणि मुलं. सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरियाकडे नेलेली, १९४१ मध्ये सुटका झाल्यावर इराणमार्गे इथवर आलेली. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांना ठेवून घेतलं ती गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे, वळीवड्याची छावणी त्याहून कितीतरी मोठी होती. बराकींची गल्ल्यांमागून गल्ल्या वसलेली वस्ती, चर्च, दवाखाना, शाळा, नाटकाचं सभागृह. शाळेत शिकवणाऱ्या, दवाखान्यात राबणाऱ्या बऱ्याचशा त्यांच्यातल्याच. कोल्हापूरकरांनी या माणसांना जीव लावला आणि त्यांनीही तो विसरला नाही. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथे जाऊन आले.

या आठवणीतला जिव्हाळा खरा आहे. पण मला त्या छावणीची व्यवस्थाही बघावीशी वाटते. ती माणसं कधीतरी जाणार हे गृहीत धरूनच सगळी मांडणी होती. तरीही तिथे शाळा चालली, दवाखाना चालला, आणि ते चालवण्याचं काम त्यांच्याच हातात राहिलं. बाईला सकाळी उठून वर्गावर जायचं असेल तर ती पाच वर्षं छावणीतही उभी राहते. नुसता शिधा मिळाला असता तर या आठवणी इतक्या उजळ राहिल्या असत्या असं वाटत नाही.

पोलिश माणसं गेली आणि त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. त्या वस्तीचं नाव गांधीनगर झालं. आज दक्षिण महाराष्ट्रातले कापडदुकानदार घाऊक खरेदीला गांधीनगरला जातात. बराकी त्याच, जागा तीच. सिंधी निर्वासित नागरिक म्हणून आले होते, त्यांना धंदा करायला कुणाची परवानगी काढायची नव्हती. एवढा एकच फरक.

*

कल्याण कॅम्पचंही तेच. युद्धकाळातल्या लष्करी बराकींत लाखाच्या घरात सिंधी माणसं येऊन पडली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी होऊन त्याचं उल्हासनगर झालं. आधी घरोघरी पापड, लोणची, गोळ्या-बिस्किटं, मग जीन्स. आमच्या खानदेशात जळगावची सिंधी कॉलनी बघितली तरी पुरे.

*

तिबेटी निर्वासितांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण त्यांचा निकाल अजून लागलेलाच नाही. १९५९ पासून ते भारतात आहेत आणि बहुतेक परदेशी म्हणूनच आहेत. ठरावीक मुदतीने नोंदणीचं पुस्तक नवं करून घ्यायचं. महाराष्ट्रात त्यांची एक वसाहत आहे, नोरग्येलिंग. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला. १९७२ मध्ये वसली तेव्हा तो भाग भंडाऱ्यात होता. धानशेती करतात आणि थंडी आली की स्वेटर विकायला शहरांत उतरतात.

दिवाळीनंतर धुळ्यात अशाच एका दुकानावर गेलो होतो. ताडपत्रीचं छत, बांबूला टांगलेली जाकिटं, समोर घड्या. दुकानदार बाई कर्नाटकातल्या मुंडगोडहून आलेल्या, हिंदीत मराठी मिसळून बोलणाऱ्या. मी एक स्वेटर अंगाला लावून बघितला, तर त्यांनी तो काढून घेतला आणि एक माप मोठा दिला. "हा घ्या काका. धुतल्यावर आटतो, मग मला शिव्या द्याल." माल लुधियानाचा. तिथले व्यापारी हंगामाच्या सुरुवातीला उधारीवर देतात, हे हंगाम संपल्यावर फेडतात. कागदपत्र मागून बघितलं तर यांच्याकडे गहाण ठेवायला काय आहे? तरी वर्षानुवर्षं उधारी चालते. काम करणारा माणूस बाजारात स्वतःची पत स्वतः उभी करतो, त्याला नागरिकत्वाचा दाखला लागत नाही.

त्यांचे वडील साठच्या दशकात हिमाचलात रस्त्याच्या कामावर होते. तेव्हा हजारो तिबेटी डोंगरी रस्त्यांवर खपले, थंडीने आणि दरडींखाली कित्येक मेले. काम मिळणं आणि माणसासारखं काम मिळणं यांत अंतर असतं, ते त्या पिढीने भोगलं. पुढे शेतीच्या वसाहती झाल्या. २०१४ मध्ये केंद्राने तिबेटी पुनर्वसन धोरण काढलं, त्यात व्यापाराचे परवाने देण्याचं आणि नोकरी-व्यवसायाला वाव देण्याचं राज्यांना सांगितलं. पंचावन्न वर्षांनी का होईना, चालत आलेलं कागदावर आलं.

*

भारताने १९५१ च्या निर्वासितांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या जोडकरारावरही सही नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. जो तो आपापल्या रांगेत. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांना दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळाला की २०१६ पासून बँक खातं, पॅन, आधार, वाहन परवाना, स्वतःच्या धंद्यासाठी जागा घेण्याची सोय आहे. नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे इथल्या जिल्हाधिकाऱ्यांना त्याच वर्षी नागरिकत्वाच्या अर्जांचे अधिकार दिले. चांगली गोष्ट झाली. नागपूरच्या जरीपटक्यात जो सिंधी माणूस व्हिसावर आला आणि आज दुकान चालवतो, तो कुणाच्या ताटातलं खात नाही.

इतरांसाठीही एक वाट आहे. २०११ च्या अखेरीस गृह खात्याने ठरवलेल्या पद्धतीनुसार ज्या निर्वासिताला दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळतो त्याला खासगी क्षेत्रात नोकरी करता येते. पण तो व्हिसा मिळेपर्यंत काय? संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचं दिल्लीतलं कार्यालय ओळखपत्र देतं. त्या ओळखपत्रावर बँकेत खातं उघडायला गेलं तर काउंटरवरचा माणूस आधार मागतो. आधार नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून पगाराची नोकरी नाही. मग उरतं ते कचरा वेचणं, बांधकामावर रोजाने जाणं. दिल्ली आणि हैदराबादेतले कितीतरी रोहिंग्या हेच करतात.

धर्म बघून एकाला दुकान आणि दुसऱ्याला कचऱ्याचा ढीग, हे मला मान्य नाही. भूक दोघांची सारखीच असते.

*

पुण्यातली अफगाण मुलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तालिबानने काबूल घेतलं तेव्हा पुण्याच्या महाविद्यालयांत शेकडो अफगाण विद्यार्थी होते. घरून येणारे पैसे बंद झाले. परतावं तर जीव धोक्यात, विशेषतः मुलींचा. व्हिसाची मुदत वाढवून मिळाली, पण विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. एमबीए झालेली, मराठी समजणारी, पुण्याच्या उन्हापावसाला सरावलेली मुलं, आणि महिन्याचं भाडं मित्रांकडून उसनं. या शहराने त्यांना शिकवलं. त्या शिक्षणाचा उपयोग करायला मनाई, कशासाठी?

*

एक आक्षेप खरा आहे, त्याला बगल देऊ नये. 'यांना कामाला लावलं तर आमची मजुरी पडेल.' मजुराच्या तोंडून हे आलं तर ऐकून घ्यावं लागतं.

पण मजुरी पडते कशाने? आमच्या जिल्ह्यातून दिवाळीनंतर टोळ्या निघतात. नंदुरबारचे भिल्ल, पावरा मजूर कित्येक पिढ्या दक्षिण गुजरातच्या ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो, हंगामात खावटी देतो, आणि हंगामाच्या शेवटी हिशेब त्याच्या वहीत असतो. वही कोयत्याला वाचता येत नाही. परक्या राज्यात, कारखान्याच्या कागदावर नाव नाही, तक्रार कुठे करायची माहीत नाही. म्हणून दर खाली राहतो. हे तर भारताचे नागरिक, मतदार. आता ज्याच्याकडे कसलाच कागद नाही, जो तक्रार करायला गेला तर स्वतःच पकडला जाईल, त्याची मजुरी किती खाली जाईल याचा अंदाज आमच्या कोयत्यांना आल्याशिवाय राहणार नाही. कामाला बंदी घातल्याने काम थांबत नाही, ते अंधारात जातं. शेजारच्या मजुराचा दर पाडतो तो अंधारातला मजूर. त्याला परवाना द्या, किमान वेतन लावा, तक्रारीचा हक्क द्या. मग मालकाला त्याला स्वस्तात राबवायचं कारण उरत नाही.

*

दुसरा आक्षेप: काम मिळतं म्हटल्यावर आणखी माणसं येतील. घरदार पेटलेलं असताना माणूस पुढच्या देशातले कामगार कायदे वाचत बसत नाही. फाळणीत आलेल्यांनी वाचले नव्हते, वळीवड्याला आलेल्यांनीही नाही.

*

शिकलेल्या मराठी घरांना हे दुःख दुरून दिसतं असं मला वाटायचं. पण शहाद्या-नंदुरबारच्या मुलीसुद्धा लग्न होऊन अमेरिकेत जातात. नवऱ्याचा व्हिसा एच-१बी, हिचा एच-४. हिची पदवी संगणकातली, अनुभव पाच-सहा वर्षांचा. तिकडे गेल्यावर काम करायची मनाई. २०१५ च्या मे महिन्यात नियम बदलला आणि ज्यांच्या नवऱ्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज एका टप्प्यापर्यंत मंजूर झाला आहे अशा बायकांना कामाचा परवाना मिळू लागला. बाकीच्या अजून घरीच. आईवडिलांना फोनवर काय सांगतात? 'मजेत आहे.' आई समजते.

या मुलींवर जीव वाचवून पळायची पाळी आलेली नाही, घरी परत यायची वाट त्यांना मोकळी आहे. आश्रय मागणाऱ्याशी त्यांची तुलना एवढ्यापुरतीच: शिकलेल्या, उमेदीच्या माणसाला कुणाच्या तरी निर्णयासाठी वर्षानुवर्षं रिकामं बसवलं की तो आतून कसा खचत जातो, हे त्या घरांनी बघितलेलं आहे. त्या घरांनी तरी या प्रश्नावर बोलावं.

*

अमेरिकेत आश्रयाचा अर्ज केल्यावर १५० दिवसांनी कामाच्या परवान्याचा अर्ज करता येतो, १८० दिवस भरले की तो मिळू शकतो. युरोपीय संघात नऊ महिन्यांची मर्यादा होती, २०२४ च्या नव्या निर्देशाने सहा केली. युगांडाने २००६ च्या कायद्यात निर्वासितांना काम करायचा हक्क दिला आणि वस्त्यांत कसायला जमिनीचे तुकडे दिले. श्रीमंत देशांनी हा धडा युगांडाकडून घ्यायला हवा होता.

*

आयर्लंडमध्ये म्यानमारहून आलेला एक माणूस आठ वर्षं सरकारी निवाऱ्यात होता. आठवड्याला १९ युरो हातखर्चाला मिळायचे, त्याच निवाऱ्यात त्याला नोकरी देऊ केली होती, पण कायदा आड. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ३० मे २०१७ ला न्यायालयाने एकमताने सांगितलं की निर्णयाला कालमर्यादाच नसताना कामावर सरसकट बंदी घालणं घटनेत बसत नाही. काम माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडलेलं आहे, हा त्यामागचा विचार. कायदा बदलायला संसदेला सहा महिने दिले, आणि पुढच्या वर्षी तो बदलला.

आपल्या घटनेत धंदा-व्यवसायाचं स्वातंत्र्य, अनुच्छेद १९, फक्त नागरिकांना आहे. जीविताचा हक्क, अनुच्छेद २१, प्रत्येक व्यक्तीला. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो त्यांना लागू केला आणि त्यांच्या जिवाचं रक्षण करायला राज्याला बजावलं. पोट भरल्याशिवाय जीवित कसलं, हा पुढचा प्रश्न आपल्याकडे कुणीतरी न्यायालयात नेटाने मांडायला हवा.

*

सरदार सरोवरात महाराष्ट्रातली अक्राणी आणि अक्कलकुव्याची ३३ गावं गेली. मणिबेलीपासून सुरुवात. काथर्दे दिगर, वडछील, सोमावल, रोझवा इथल्या वसाहतींत त्यांतली कुटुंबं आली. ज्यांची नावं यादीत आली नाहीत ते 'अघोषित'. घर पाण्याखाली, जमीन नावावर नाही, कारण ते प्रकल्पग्रस्त आहेत की नाहीत याचाच निर्णय व्हायचा. त्या वर्षांत कितीजण उसाच्या टोळीत गेले! आपल्याच देशात, आपल्याच जिल्ह्यात माणूस निकालाची वाट बघत राहतो.

*

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने फुकट धान्य वाटण्यापेक्षा काम काढलं. वि. स. पागे यांनी ते आधीच मांडून ठेवलं होतं. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. उपाशी माणूस हात पसरतो तो भाकरीसाठी आणि कामासाठीही, हे ओळखून कायदा करणारं हे राज्य आहे. आश्रय मागणाऱ्यांबद्दल बोलायचा अधिकार महाराष्ट्राला इतरांपेक्षा जास्तच आहे.

*

वनहक्काच्या कलमातली उणीवही नोंदवून ठेवतो. काका पेरतात, पण सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, सोसायटीची दारं बंद. खत सावकाराच्या पैशातून. हटवणार नाही एवढं पुरत नाही. कसणाऱ्याच्या हातात कागद लागतो.

आपल्याकडच्या आश्रयाच्या कायद्यात, तो जेव्हा केव्हा होईल तेव्हा, निदान इतकं असावं. अर्ज दिल्याच्या दिवशी तारखेची पोच. त्या पोचीवर बँकेत खातं. सहा महिन्यांत निकाल लागला नाही तर कामाचा परवाना आपोआप, त्यासाठी वेगळी खेप घालायला लागू नये. किमान वेतन आणि अपघाताची भरपाई इतर मजुरांइतकीच. मालकाने पैसे बुडवले तर कामगार कार्यालयात तक्रार करायची सोय, आणि त्या तक्रारीवरून त्याच्या आश्रयाच्या अर्जाला धक्का लागणार नाही अशी लेखी हमी. अर्ज फेटाळला गेला तर परवाना संपेल, पण तोवर कमावलेली मजुरी त्याची.